कड्याचा दोर, शिडाचा दोर

घरात कुठेतरी दोराचा एखादा तुकडा असेलच. तरुणपणी सह्याद्रीत कडे-सुळके चढलेल्यांच्या घरी तर असतोच. निवृत्त झालेला तो दोर आता गच्चीत चादरी वाळवायच्या कामाला लागलेला असतो, नाहीतर माळ्यावर गाद्यांची वळकटी आवळून बसलेला असतो. त्यातला दोन हात लांबीचा तुकडा घेऊन या. तेवढाही नसेल तर पायजम्याची नाडी चालेल. खिडकीजवळ बसा. पाठ टेकलीत तरी हरकत नाही, हे योगासन नव्हे. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. पुढचा अर्धा तास कुठे चढायचं नाही आणि कुठे पोहोचायचंही नाही.

दोर मांडीवर घ्या आणि नुसता चाचपा. जुन्या दोराचं वरचं आवरण राठ झालेलं असतं. अंगठा पुढे सरकवत नेलात तर मध्येच एखाद्या ठिकाणी आतला गाभा चपटल्यासारखा लागतो. तिथे कधीतरी कातळाच्या धारेवर कुणाचं तरी वजन आलेलं असणार. विणीत बसलेली तांबूस माती कितीही धुतलीत तरी जात नाही. अशा दोरावर पुन्हा जीव टांगायचा नसतो. क्लबातली जाणती माणसं दोराचं वय आणि त्याने झेललेले फॉल वहीत लिहून ठेवतात आणि वेळ झाली की त्याला सरळ बाद करतात. माणसाच्या बाबतीत असं वही बघून कुणी सांगत नाही, त्यामुळे बरीच वर्षं घोळ चालतो.

आता एक गाठ मारू. डाव्या हातात लांब बाजू, उजव्या हातात मोकळं टोक. लांब बाजूत एक लहानसा फास करा. मोकळं टोक त्या फासातून खालून वर काढा, लांब बाजूच्या मागून फिरवा आणि पुन्हा त्याच फासातून खाली सोडा. हळूच ओढा. ही बोलाइन. हार्नेस सर्रास मिळू लागायच्या आधी गिर्यारोहक कमरेला दोर बांधायचे तो याच गाठीने. पण गाठ मूळची डोंगरातली नाही, जहाजावरची आहे. शिडाची वाऱ्याकडची कड पुढे नाळेच्या बाजूला ताणून धरणाऱ्या दोराला ती मारत. डोंगरातल्या माणसांनी ती दर्यावर्दींकडून उसनी घेतली, आणि एकट्या हिच्याबद्दल कशाला बोलायचं, आपल्या निम्म्याअधिक गाठी तिकडच्याच.

तिचे दोन गुण आहेत. ताण आला की ती सरकत नाही, आणि ताण गेला की चिमटीत सुटते. विशीत आपला मतलब पहिल्या गुणाशी होता. आता ती सोडा, पुन्हा मारा, पुन्हा सोडा. चार-पाच वेळा झालं की बोटं आपसूक करू लागतील. तेव्हा लक्ष बांधण्याकडे ठेवू नका, सुटण्याकडे ठेवा. वाकलेला दोर अंगठ्याने पुढे ढकलला की गाठ कशी ढिली पडते, ते बघा.

डोळे मिटा. ज्या सुळक्याच्या पायथ्याशी तुम्ही सर्वांत जास्त वेळ बसला असाल तो आठवा. तुमचा तैलबैला असेल, नागफणी असेल, लिंगाणा असेल. माझा कर्नाळ्याचा. पनवेलच्या दक्षिणेला, गोवा महामार्गाच्या डोक्यावर उभा असलेला तो अंगठा. त्याच्या कपारीत मधमाश्यांची पोळी असतात आणि आम्हाला चढाईपेक्षा त्यांचीच धास्ती जास्त असायची. एखाद्या पोराने कपाळाला बाम चोळलेला असला तरी वासाने माश्या उठतील म्हणून त्याला खालीच बसवत. बोलायचं ते कुजबुजून.

तुमच्या सुळक्याखाली बसा. वर कुणीतरी चढतंय आणि तुम्ही बिले देताय, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळताय. तो वळणाआड गेला, आता दिसत नाही. कातळावरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे त्याचं ओरडणंही नीट कळत नाही. उरतो तो फक्त हातातला दोर. तो वीतवीत पुढे जातोय, म्हणजे पकडी चांगल्या आहेत. थांबला. बराच वेळ थांबला. मेख ठोकत असेल तर दोरात बारीक कंप येतो, आणि कंप नसेल तर तो घाबरलाय. मग एकदम हातभर दोर गेला, म्हणजे कॅराबिनरमध्ये अडकवायला त्याने ओढून घेतला. दोर सैल पडून तुमच्याकडे परत येऊ लागला तर तो पाऊल मागे घेतोय, आणि तुम्ही आतला श्वास आतच ठेवून सैल दोर गोळा करता.

असे तासन्‌तास गेलेत तुमचे. कुणी त्याचे फोटो काढले नाहीत. माथ्यावरचे फोटो अल्बममध्ये आहेत, पायथ्याशी मान मागे टाकून बसलेल्या माणसाचे नाहीत.

बिले देणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. काहीही झालं तरी ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये. मधमाशी डसली तरी नाही, वरून दगड आला तरी नाही. ती मूठ आत्ता वळा. मांडीवरचा दोर त्यात धरा. किती जोर लावताय ते बघा. गरजेपेक्षा जास्त लावताय, बहुतेक सगळेच लावतात. इतक्या वर्षांनीही ती मूठ विनाकारण घट्ट आहे. तिला तसंच राहू द्या, तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

गुडघ्यांबद्दल फार बोलायला नको. चढताना ते गप्प असतात आणि उतरताना बोलतात, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. हरिश्चंद्रगडावरून नळीच्या वाटेने उतरताना कधीतरी आपण हात टेकतो, मग बूड टेकतो, आणि पुढे गेलेली पोरं आपल्यासाठी थांबल्याचं न दाखवता थांबलेली दिसतात. त्यांचं ते पाणी पिण्याचं नाटक फार प्रेमळ असतं. तुम्हाला कोणत्या उतारावर ते पहिल्यांदा दिसलं, ते आठवा. आठवून झालं की पुढे जाऊ.

यानंतर लोक वेगवेगळ्या वाटांनी जातात. काही जण नव्या मुलांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसतात आणि शेवटी उठून ‘आमच्या वेळी असले बोल्ट नव्हते’ एवढं सांगून खाली बसतात. काही हट्टाने चढत राहतात, आणि त्यांतले थोडे खरंच छान चढतात. मला त्यांचा हेवा वाटतो. आणि काही थोडे, कसे कोण जाणे, पाण्याकडे वळतात.

हे मनन एकट्याने करायला जड जातं, म्हणून सोबतीला एक माणूस घेऊ. हॅरोल्ड विल्यम टिलमन. दोस्तांमध्ये बिल. १८९८ चा जन्म, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात, मग केनियात कॉफीचा मळा. तिथे एरिक शिप्टनशी गाठ पडली आणि दोघं आफ्रिकेतले डोंगर चढून हिमालयात आले. १९३४ साली तीन शेर्पांना बरोबर घेऊन ते ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यात शिरले. सगळीकडून पर्वतांची भिंत, आणि आत जायला नदीने कापलेली ती एक फट. आधी अनेकांनी प्रयत्न केले होते, आत कुणी पोहोचलं नव्हतं. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ ला, टिलमन आणि नोएल ओडेल नंदादेवीच्या माथ्यावर उभे राहिले. उंची ७,८१६ मीटर. तोवर एवढ्या उंच शिखरावर माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, आणि १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत तो मान नंदादेवीकडेच राहिला.

यातली गंमत अशी की त्या वर्षीच्या एव्हरेस्ट मोहिमेतून या दोघांनाही वगळलं होतं. टिलमनला आदल्या वर्षी उंची नीट मानवली नव्हती. नंदादेवीच्या माथ्यावरही पहिली पाळी त्याची नव्हती. ओडेलबरोबर चार्ल्स ह्यूस्टन जायचा होता, पण डब्यातलं मांस बाधून तो आडवा झाला आणि टिलमनचा नंबर लागला. वर गेल्यावर दोघांनी हात मिळवले. तेवढं केलं हेही जरा जास्तच झालं, अशा थाटात टिलमनने नंतर ते लिहून ठेवलंय.

इथे थोडं थांबा. तुमची नंदादेवी कोणती? नाव घ्यायला संकोच करू नका, ती फक्त चारशे फुटांची असली तरी चालेल. तिच्या माथ्यावर स्वतःला उभं करा. पोहोचल्यावर पहिल्या मिनिटात काय वाटलं होतं ते आठवून झालं की दुसरं मिनिट आठवा. बहुतेकांच्या मनात दुसऱ्या मिनिटाला उतरायचा विचार सुरू झालेला असतो. अंधाराच्या आत दोर ओढून होईल का, पाणी किती उरलंय, शेवटची एसटी चुकली तर काय.

१९५० मध्ये टिलमन नेपाळात अन्नपूर्णेच्या रांगेतल्या चौथ्या शिखराच्या मोहिमेवर गेला. वय बावन्न. शिखर हुकलं. मोठ्या उंचीसाठी आपलं वय उलटलं, असा हिशोब त्याने स्वतःशी केला आणि त्यावर फार रडारड केली नाही. १९५४ साली त्याने ‘मिस्चिफ’ नावाची शिडाची जुनी बोट विकत घेतली. तो छप्पन्न वर्षांचा, बोट अठ्ठेचाळीस वर्षांची. ब्रिस्टल चॅनलमध्ये येणाऱ्या जहाजांवर पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, नेऊन सोडण्यासाठी १९०६ मध्ये कार्डिफला बांधलेली ही पंचेचाळीस फुटी कटर. जड, खोल बुडाची, आणि एक माणूस नि एक पोऱ्या मिळून हाकतील अशी.

पुढे त्याने काय केलं ते सावकाश बघा. माणूस डोंगर सोडून समुद्राकडे गेला असं आपण सहज म्हणतो. त्याने डोंगर सोडलेच नाहीत. १९५५-५६ मध्ये अटलांटिक ओलांडून, मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून तो पॅटागोनियाला पोहोचला, बोट साथीदारांच्या हवाली करून तिथलं बर्फाचं पठार पायी पार केलं, आणि तसाच चालत परत येऊन बोटीत बसला. मग दक्षिण हिंदी महासागरातली क्रोझे आणि केर्गेलेन बेटं. मग ग्रीनलँड, आणि पुन्हा पुन्हा ग्रीनलँड. १९६३ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, कॅनडाच्या उत्तरेचं बायलट बेट त्याने हिमनद्यांवरून चालत आरपार ओलांडलं. त्याच्या त्या डोंगरांची उंची आता बेताची होती, पण तिथवरची वाट हजारो सागरी मैलांची झाली होती.

मला यात काहीतरी सापडतं. हिमालयात त्या काळी नुसतं पायथ्याशी जायलाच दोन-तीन आठवडे चालावं लागे. माणसं एकमेकांना ओळखू लागत ती त्या चालीत, चढाईत नव्हे. टिलमनने ती चाल पाण्यावर नेली आणि महिनोन्‌महिने लांबवली. वय वाढलं तशी चढाई आखूड होत गेली आणि वाट लांब. तुमच्या मोहिमांमधून माथा वजा करा आणि उरलेली वाट आठवा. रात्रीची मुक्कामी गाडी, शेवटच्या गावात उतरल्यावरचा काळोख, मारुतीच्या देवळात पसरलेल्या पथाऱ्या, पहाटे चुलीच्या धुरात कुणीतरी पुढे केलेला गुळाचा चहा. किती तपशील आहेत ते मोजू नका, येतील तेवढे येऊ द्या. माथ्याच्या आठवणीपेक्षा या आठवणी जास्त ओल्या निघतात, असा माझा अनुभव आहे.

टिलमनला देव्हाऱ्यात बसवायची मात्र गरज नाही. खलाशी हवेत म्हणून तो ‘टाइम्स’मध्ये जाहिरात द्यायचा आणि पगार मिळणार नाही, मजाही फारशी येणार नाही, हे आधीच कळवून टाकायचा. तरी लोक यायचे, आणि काही पहिल्याच बंदरात उतरून निघून जायचे. त्याच्याबरोबर राहणं सोपं नसावं. १९६६-६७ च्या सफरीत एक साथीदार समुद्रात पडला तो सापडला नाही. १९६८ मध्ये यान मायेन बेटाजवळ खडकावर आपटून ‘मिस्चिफ’ गेली. त्याने ‘सी ब्रीझ’ घेतली, ती १९७२ मध्ये ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर गेली. मग ‘बरोक’. सगळ्या त्याच जातीच्या, त्याच जुन्या काळातल्या. एखादी गोष्ट किती काळ धरून ठेवायची याबद्दल त्याचं मत फार स्पष्ट होतं.

आपल्याला ग्रीनलँड नको. मुंबईचं बंदर पुरे.

खोलीतला पंखा बंद करा. खिडकीतून वारा येतोय का? कोणत्या गालाला लागतो? आता मान अगदी सावकाश डावी-उजवीकडे फिरवा आणि दोन्ही कानांना वारा सारखा लागेल तिथे थांबा. वारा आता नाकासमोर आहे. शिडाच्या होडीत बसल्यावर हेच पहिलं शिकायचं असतं, आणि डोंगरात इतकी वर्षं काढूनही आपण हे कधी केलेलं नसतं. डोंगरात वारा म्हणजे थंडी, फार तर तंबू उडवणारा उपद्रव. वारा कुठून येतो यापेक्षा तो कधी थांबेल याच्याशी आपल्याला कर्तव्य होतं.

हौशी शिडांचा इथला मोसम पावसाळा सरल्यावरचा, ऑक्टोबर ते मे. सकाळी पाणी तेलासारखं सपाट असतं. रात्रभर जमिनीकडून आलेला मतलई वारा पडलेला असतो आणि होडी जागच्या जागी डुलत राहते. शिडं लोंबतात. इथे डोंगरवाल्याची खरी परीक्षा होते, कारण त्याला वाटतं काहीतरी करायला हवं. करण्यासारखं काही नसतं. मग ऊन चढतं, जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा निघतो. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात बाण काढून दाखवलेला हाच तो. तो अंगाला लागायच्या आधी डोळ्यांना दिसतो. दूर पाण्याचा रंग काळपट होतो, तो पट्टा सरकत जवळ येतो, डोलकाठीवरची बारीक फीत हलते, आणि मग होडीच्या कडेने पाण्याचा खळखळाट सुरू होतो.

तो पट्टा मनात आणा. दूर आहे. तुमच्या जवळचं पाणी अजून सपाट आहे. त्याला बोलावू नका. त्याच्याकडे वल्हवत जाऊ नका. श्वास चालू आहे तेवढा चालू द्या.

वारा आला तरी जिकडून तो येतो तिकडे नाक करून जाता येत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांच्या आत होडी वळवली की शीड नुसतं फडफडतं आणि होडी उभी राहते. तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरकं, असं करत करत वाऱ्याकडे चढायचं. घाटवाटांची सवय असलेल्याला हे शिकवावं लागत नाही. फक्त घाटातली वळणं आधीच्या लोकांनी घालून ठेवलेली असतात, इथे दर वेळी वळण कुठे घ्यायचं ते आपणच ठरवायचं आणि मागे वळून पाहिलं तर वाट पुसलेली असते.

पायाखालची जमीन हलते, हे पचायला वेळ लागतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. सकाळी ज्या खडकाला वळसा घातला तो दुपारी दिसत नाही. कोळीवाड्यात अजून तिथीचा हिशोब चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. आज तिथी कोणती, ते कालनिर्णयात बघा आणि वेळ काढा. समुद्रापासून तुम्ही कितीही लांब राहत असाल तरी चालेल. आत्ता या क्षणी पाणी चढतंय की उतरतंय एवढं माहीत असणं, हा सुद्धा बसण्याचा एक प्रकार आहे.

आणि आता कर्नाळ्याकडे बघा, पण पाण्यावरून. पावसाने हवा धुतलेली असते त्या दिवसांत मुंबई बंदरात होडी पूर्वेकडे तोंड करून धरली की न्हावा-शेव्याच्या क्रेनांपलीकडे, डोंगरांच्या निळ्या कडेवर तो अंगठा दिसतो. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये कर्नाळ्याचं नाव ‘फनेल हिल’ असंही दिलंय. आगबोटीच्या नळकांड्यासारखा दिसतो म्हणून कुणा पाण्यावरच्याच माणसाने ते ठेवलं असणार. ज्याच्या पायथ्याशी आम्ही माना मोडून बसत होतो, तो सुळका दुसऱ्या कुणासाठी पिढ्यान्‌पिढ्या नुसती खूण होता. मला ते कळलं तेव्हा थोडा राग आला, मग हसू आलं.

त्या खुणेचा उपयोग असा. अलीकडच्या किनाऱ्यावरची एखादी क्रेन निवडा आणि सुळका बरोबर तिच्या मागे येईल अशा जागी या. आता बघत राहा. होडी स्थिर वाटतेय, पाणी स्थिर वाटतंय. तरी थोड्या वेळाने सुळका क्रेनच्या डावीकडे डोकावू लागतो. याचा अर्थ तुम्ही उत्तरेकडे वाहताय, भरती लागली आहे. उजवीकडे डोकावला तर ओहोटी तुम्हाला बाहेर नेतेय. डोंगर हललेला नाही, क्रेनही हललेली नाही. तुमच्या आयुष्यातल्या अशा दोन खुणा निवडा, एक लांबची, एक जवळची. त्या एका रेषेत कधी होत्या आणि आता लांबची कोणत्या बाजूला सरकलीय, ते बघा. परत रेषेत आणायची घाई करू नका.

बंदराच्या तोंडाशी, थळसमोर, खांदेरी. इथे महाराजांची आठवण काढायचा मोह होतोच, आणि मी तो आवरणार नाही, कारण प्रश्न वाऱ्याचा आहे. १६७९ मध्ये बेटावर तटबंदीचं काम सुरू झालं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ते अडवायला जहाजं पाठवली. वारा पडला की ती मोठी जहाजं जागच्या जागी खिळायची, आणि मराठ्यांची लहान गलबतं वल्ही मारत त्यांच्या नाकाखालून बेटावर सामान पोहोचवायची. डोंगरातल्या राज्याला पडलेल्या वाऱ्याचासुद्धा उपयोग कळला होता, याचं मला इतर पराक्रमांपेक्षा जास्त कौतुक वाटतं.

आता त्या मुठीकडे येऊ. ती अजून वळलेली असेल.

लहान होडीत शिडाला ताणून धरणाऱ्या दोराला शीट म्हणतात. ती एका हातात, दुसऱ्या हातात सुकाणूचा दांडा. वाऱ्याचा झोत येतो, शीड भरतं, होडी एका कुशीवर कलते आणि पाणी कडेशी येतं. डोंगरातल्या माणसाचा हात अशा वेळी काय करतो? तो आवळतो. वर्षानुवर्षं त्याला तेच शिकवलंय. कशाचा तरी तोल जातोय, कुणीतरी पडतंय, दोर धर. आणि जितका दोर धराल तितका वारा शिडात अडकून राहतो आणि होडी अधिक कलते. शिकवणारा पोरगा पंचविशीतला, तो मला काका म्हणायचा आणि दर झोताला ओरडायचा, “काका, शीट सोडा!” सोडली की वारा शिडातून निसटून जातो आणि होडी आपली आपण सरळ होते. इतकं सोपं आहे. पहिला सबंध मोसम माझा हात त्या सोप्या गोष्टीशी भांडत होता. डोक्याला पटलं होतं, बोटांना पटत नव्हतं.

तुमच्या मुठीतून दोर सोडा. एकदम नव्हे, नाहीतर शीड फडफडेल आणि वेग जाईल. करंगळीपासून सुरू करा. करंगळी, अनामिका, मधलं बोट. दोर हातातून सरकतोय पण अजून हातातच आहे. चिमटीत त्याचा ताण जाणवतोय. बिले देताना सैल दोर पुरवायचात, तेव्हाही हात हेच करत होता. वर चढणाऱ्याला दोर दिला नाही तर तो चढणार कसा? धरण्याबरोबर देणंही त्याच हाताने केलं होतं, फक्त आपण आठवण ठेवली ती धरण्याची. आता पुन्हा हळूच ओढून घ्या. झोत येईल तसं द्या, ओसरला की घ्या. श्वासाबरोबर करायचं असेल तर करा, मला त्याने उगाच योगवर्गात बसल्यासारखं होतं. काही वेळ करत राहा.

टिलमनची शेवटची सफर १९७७ मधली. ‘एन अव्हाँ’ नावाच्या बोटीतून, अंटार्क्टिकाजवळच्या स्मिथ बेटावरचा डोंगर चढायला निघालेल्या मोहिमेत तो होता. ही बोट त्याची नव्हती. कप्तान तरुण होता आणि टिलमन, आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम सोडलेला, नव्वद-शंभर शिव्या गिळून का होईना, खलाशी म्हणून निघाला. शिव्यांचं माझ्या पदरचं. १ नोव्हेंबरला बोट रिओ दि जानेरोहून फॉकलंड बेटांकडे निघाली. त्यानंतर तिचा काही पत्ता लागला नाही. फेब्रुवारीत तो ऐंशीचा झाला असता. या गोष्टीतून धडा काढायला बरेच जण बसलेत. मला त्या शेवटच्या बोटीतली त्याची जागा आठवते. सुकाणू दुसऱ्याकडे, दोर त्याच्या हातात.

बसण्याने पाठ अवघडली असेल तर उठा, खोलीत दोन फेऱ्या मारा. आणि नुसतं मनन करून भागणार नसेल, ऑक्टोबरात खरंच कुठल्या क्लबात नाव घालायचं असेल, तर आधी पोहण्याचं बघा. पोहता येत नसेल तर तलावावर जा. लाइफ जॅकेट उन्हात कितीही टोचलं तरी काढू नका. कारण सुरुवातीच्याच एखाद्या दिवशी क्लबवाले तुम्हाला मुद्दाम उलटं करतात.

होडी आडवी पडते, शीड पाण्यावर पसरतं. तुम्ही पोहत बुडाच्या बाजूला जायचं. तिथे सेंटरबोर्ड, म्हणजे बुडातून खाली जाणारी फळी, पाण्याला समांतर बाहेर आलेली असते. रुंदी वीतभर. तिच्यावर चढायचं, पाय होडीला लागून ठेवायचे, वरच्या कडेवरून आलेला दोर धरायचा आणि गुडघे न वाकवता अंग मागे टाकून द्यायचं. विशीतली मुलं इथे अडतात. ती दोर छातीशी ओढतात आणि वाकून बसतात. आम्हा जुन्यांना सांगावं लागत नाही. वीतभर कंगोऱ्यावर उभं राहणं आणि दोरावर भरवसा ठेवून मागे झुकणं, रॅपलिंगच्या पहिल्या दिवशी कड्याच्या तोंडावर पोट ढवळत असताना हेच तर केलेलं असतं. शरीर आनंदाने करतं. शिडावरचं पाणी ओघळू लागतं, डोलकाठी जडपणे वर येते, आणि अर्ध्यावर आली की होडी झपकन उभी राहते.

उभी राहिली म्हणजे झालं असं नाही. शीट क्लीटच्या, म्हणजे दोर धरून ठेवणाऱ्या खाचेच्या, दातांत अडकलेली राहिली असेल तर शीड उठताक्षणी वाऱ्याने भरतं, होडी दुसऱ्या कुशीवर आडवी होते आणि तुम्हाला पुन्हा पोहत पलीकडे जावं लागतं. म्हणून फळीवर चढण्याआधी हात आत घालून क्लीट चाचपायचं. तुमच्या ते लक्षात असतं, तरी बाजूच्या होडीतून हाक येतेच.

“काका, आधी शीट!”